‘शिकतेय’ एवढंच सांग घरी

पत्र: मॅडम, मी पस्तीस वर्षांची, बी.ई. सिव्हिल. सोलापुरात नऊ वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं. संध्याकाळी एका स्ट्रक्चरल कन्सल्टंट सरांकडे डिझाइन करायचे. जुळे सोलापुरात एक पाच मजली इमारत आहे, तिचं फुटिंगपासून गच्चीपर्यंतचं डिझाइन माझ्या हातचं. अडीच वर्षांपूर्वी यांना जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या कामाच्या परवान्यावर, नोकरी लागली आणि आम्ही स्टुटगार्टजवळ राहायला आलो. मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीत जाईल. मी एका बेकरीत पहाटे चारला कामावर जाते, मागच्या खोलीत पाव भरायला. जर्मन ए २ पर्यंत, म्हणजे सहांपैकी दुसऱ्या पातळीपर्यंत झालं, पुढे सरकेना. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आलो होतो तेव्हा बाबांनी शेजारच्या काकांना सांगितलं, “आमची लेक तिथं पुलांची डिझाइनं करते.” मी मान हलवली. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आता कॉलेज म्हणतंय परत ये, पण तासिका तत्त्वावर. इथली एक मैत्रीण म्हणते, तीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत घ्यायचं शिक्षण, कर, ड्राफ्ट्समन हो. भाऊ म्हणतो, पावणेदोन लाखांचा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा ऑनलाइन कोर्स कर, नोकरीची हमी आहे. बाबा म्हणतात, पीएफ तरी काढून घे. हे म्हणतात, तुझी मर्जी. मला काहीच सुचत नाही. मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्या विद्यार्थिनीच्याच वयाची आहे.
— सोलापूरकर, सध्या परदेशी

उत्तर:

बाळ, तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या तीन वाटांचाच विचार करत बसले होते. पॉलिटेक्निकात सिव्हिलला शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे सवयच आहे ती. कुणी काही विचारलं की आधी पर्याय मांडायचे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ‘मी मान हलवली’ या तीन शब्दांशी थांबले. बाकीचं सगळं त्यानंतरचं आहे. तुझी झोप बेकरीने नाही उडवली, त्या मान हलवण्याने उडवली.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. आजोबा तेलंगणातून माग चालवायला सोलापुरात आले. वडील मिलमध्ये जॉबर झाले, हाताखाली चाळीस माणसं. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली तेव्हा त्यांचं वय बावन्न. मी नुकतीच नोकरीला लागले होते, दोघं भाऊ शिकत होते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेव्हा हेच चाललं होतं. कुणी विडीच्या पानांकडे वळलं, कुणी शिलाई मशीन घेऊन शाळेचे गणवेश शिवायला बसलं. वडिलांना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात काम मिळालं, तेही त्यांनीच कधीकाळी तयार केलेल्या एका पोराच्या हाताखाली. मिलमध्ये त्यांचा जन्म साध्या कापडात गेला होता. इथे जेकार्ड. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ मागावरून फिरते आणि त्या भोकांप्रमाणे धागे वर-खाली होऊन चादरीवर मोर उमटतो. पहिला आठवडाभर त्यांनी मशीनला हात लावला नाही. हात मागे बांधून बघत उभे राहिले. एक पुठ्ठा उलटा शिवला गेला तर मोराची मान कुठे तुटते, हे त्यांना वीस वर्षांच्या पोराने दाखवलं.

त्याच महिन्यात अशोक चौकात नात्यातलं लग्न होतं. मांडवात एका मामांनी विचारलं, “मग आता काय करताय?” आई खाली बघायला लागली. वडील तेलुगूत म्हणाले, “जेकार्ड नेर्चुकुंटुन्ना.” जेकार्ड शिकतोय. बावन्नाव्या वर्षी, चाळीस माणसांचा जॉबर! मामांना पुढे विचारायला काही उरलंच नाही. ते जेवायला गेले.

तुझ्या घरी हाच एक शब्द जायला हवा. बाबांना लगेच बेकरी सांगच असं माझं म्हणणं नाही, तरी मला विचारशील तर सांगावी. पण ‘पुलांची डिझाइनं करते’ हे वाक्य तू आता मोडायला हवंस, कारण ते तसंच राहिलं तर तुझे सगळे निर्णय तेच घेईल. ड्राफ्ट्समनची नोकरी चालून आली तरी तू नाकारशील, कारण शेजारच्या काकांच्या लेखी तू आधीच त्याच्या चार पायऱ्या वर उभी आहेस. पुढच्या गड्ड्याला कुणी विचारेल, “काय करलालीय तुमची लेक?” तेव्हा बाबांच्या तोंडी खरं उत्तर असायला हवं: “तिथली भाषा आणि तिथलं बांधकामाचं शास्त्र शिकतेय.” रविवारच्या फोनवर त्यांना सांग. आई शेजारी असताना सांग.

आता तुझ्या वाटांकडे येते.

टेस्टिंगचा कोर्स नको. नोकरीची हमी देणारा कोर्स म्हटला की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या एका विद्यार्थ्याने अशाच एका क्लासला पैसे भरले. हमी म्हणजे फक्त मुलाखतींची यादी होती, हे त्याला फी भरल्यावर कळलं. तुझ्या बाबतीत त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. नऊ वर्षं तू जे शिकवलंस आणि बांधलंस ते सोडून देऊन, ज्यात तुझा पाया नाही अशा क्षेत्रात तू नवशिकी म्हणून उभी राहणार, तेही जर्मन न येता.

परत येणं वाईट नाही. सोलापूर काही पळून जात नाही. पण तासिका तत्त्वावर, सुट्टीत पगार नाही, मुलगी आणि नवरा तिकडे, असं येऊ नकोस. यायचंच असेल तर दोघांनी मिळून ठरवून या.

आउसबिल्डुंगबद्दल मैत्रीण चुकीचं सांगत नाही. बांधकामाची रेखाचित्रं करणाऱ्याला तिकडे ‘बाउत्साइश्नर’ म्हणतात. त्याचं शिक्षण तीन वर्षांचं, काही दिवस शाळा आणि काही दिवस ऑफिस, वयाची अट नाही. ज्याच्याकडे पदवी नाही त्याला मी डोळे झाकून पाठवेन. तू मात्र पहिली दोन वर्षं अशा रेषा शिकण्यात घालवशील ज्या तू स्वतः पोरांना शिकवल्यास. त्याच प्रकारच्या जागांसाठी तू थेट अर्ज का करत नाहीस? जर्मनीत ‘इंजिनिअर’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे, राज्यातल्या अधिकृत संस्थेची परवानगी मिळेपर्यंत ते नावापुढे लावू नकोस. पण एखाद्या इंजिनिअरिंग ऑफिसात नोकरी करायला ती परवानगी लागत नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना तिकडे परवान्याशिवाय काम करता येत नाही, तुमच्या शाखेला येतं. किती जणींना हे माहीतच नसतं! नकाशांवर अधिकृत सही करायचा हक्क ही पुढची गोष्ट, तिची आज काळजी नको. बायोडेटात पदवी मूळ नावानेच लिही: बी.ई. सिव्हिल.

माझं म्हणणं असं: आपल्याच घरात, पण खालच्या दाराने शिर. छोट्या स्ट्रक्चरल ऑफिसांत अर्ज कर. ‘ट्रागवेर्क्सप्लानुंग’ हा शब्द टाकून शोध, तुझ्या कामाचं तिकडचं नाव ते आहे. ड्राफ्ट्समन, तांत्रिक सहायक, नाहीतर चार आठवड्यांचं प्रॅक्टिकुम म्हणजे उमेदवारी, जे मिळेल ते. आत गेल्यावर तुझा हात बघून ते स्वतःच तुला आकडेमोड देतील.

यात आडवी येतेय ती भाषा. आणि भाषा का अडली तेही तुझ्या पत्रातच आहे. मागच्या खोलीत पाव भरायला चार शब्द पुरतात, त्यामुळे अडीच वर्षांत पाचवा शब्द लागलाच नाही. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत येण्याआधी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून काम करता येतं. सवलत म्हणून हे फार चांगलं आहे, पण त्यामुळे तू भाषेशिवाय आत आलीस आणि भाषेशिवाय चालणाऱ्या कामात बसलीस. बेकरी सोडू नकोस. मालकिणीला सांग की आठवड्यातून दोन पाळ्या मला पुढे काउंटरवर द्या. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला “डार्फ्स नोख एत्वास झाइन?”, म्हणजे ‘अजून काही देऊ?’ असं विचारावं लागतं. समोरची आजी तिच्या श्वाबेन बोलीत काहीतरी म्हणेल, ते तुला कळणार नाही, ती पुन्हा सांगेल. लाज वाटेल. वाटू दे. आपल्या गावात एकाच सकाळी दूधवाल्याशी कन्नड, शेजारणीशी तेलुगू, रिक्षावाल्याशी उर्दूमिश्रित हिंदी आणि घरात मराठी बोलणारी माणसं आहेत. त्यांतल्या कुणी क्लास लावला होता? भय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या घराकडे बघते तेव्हा मला दर वेळी हेच आठवतं. १९३८ साली ते चीनला गेले आणि तिथल्या माणसांत राहूनच चिनी शिकले.

तुला मात्र क्लासही लागेल. सरकारी इंटिग्रेशन कोर्स ६०० तासिका भाषेचा आणि १०० तासिका देशाच्या ओळखीचा असतो आणि बी १ पर्यंत नेतो. त्यापुढे नोकरीसाठीचे खास भाषा अभ्यासक्रम आहेत, बी २ आणि वरचे. तुझं ध्येय बी २. आज ए २ वरून, काम आणि मुलगी सांभाळून, वर्षभर तरी लागेल असं धर. वर्ष गेलं म्हणून हळहळू नकोस, आउसबिल्डुंगची तीन वाचतायत.

भाषेसोबत या वर्षात कागद तयार कर. जर्मनीतल्या मध्यवर्ती संस्थेकडून, तिला झेडएबी म्हणतात, आपल्या पदवीचं तुलनापत्र मिळतं. साधारण दोनशे युरो खर्च. आधी ‘अनाबिन’ या त्यांच्याच यादीत आपलं विद्यापीठ शोध. एक अडचण हमखास येते ती आत्ताच सांगते. आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. तुझ्या गुणपत्रिकेवर जुनं नाव असणार. दोन्ही नावं एकाच विद्यापीठाची आहेत हे दाखवणारा कागद सोबत जोड, नाहीतर पत्रव्यवहारात महिने जातात. पदवीच्या मान्यतेबद्दल मोफत सल्ला देणारी केंद्रंही तिकडे आहेत. पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे जाऊ नकोस.

दुसरा कागद सोलापुरातून यायचाय आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. आपल्याकडे अनुभवाचा दाखला दोन ओळींचा असतो: अमुक ते अमुक काळात काम केलं, वर्तणूक चांगली. जर्मन मालक तो बघून गोंधळतो. तिकडच्या दाखल्यात काय काम केलं, किती जबाबदारीने केलं, सगळं सविस्तर असतं. कौतुकाचीही ठरलेली भाषा असते. ‘आमचं पूर्ण समाधान झालं’ म्हणजे बरं, आणि ‘नेहमीच आमचं अगदी संपूर्ण समाधान झालं’ म्हणजे उत्तम. एका ‘नेहमीच’ने श्रेणी बदलते! तेव्हा तुझ्या कन्सल्टंट सरांना फोन कर आणि पानभर लिहून माग. किती मजल्यांच्या किती इमारती, कोणतं सॉफ्टवेअर, पाया कोणत्या मातीत. बेकरी सोडशील तेव्हा तिथूनही दाखला घे. कायद्याने तो तुझा हक्क आहे.

मातीवरून आठवलं, आणि इथे मला जरा रमू दे. सोलापूरच्या काळ्या मातीत तू पाया घातलायस. पावसात फुगणारी, एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, वरची माती काढून भराव बदलायचा, जोत्याची तुळई, म्हणजे प्लिंथ बीम, फुगणाऱ्या मातीपासून कशी मोकळी ठेवायची, हे सगळं तुझ्या बोटांवर आहे. तुला वाटत असेल, याचा तिकडे काय उपयोग? तू राहतेस त्याच राज्यात स्टाउफेन नावाचं जुनं गाव आहे. २००७ साली तिथे नगरपालिकेची इमारत जमिनीतल्या उष्णतेवर गरम ठेवायची म्हणून बोअर मारले. पाणी खालच्या अँहायड्राइट नावाच्या दगडाच्या थरात शिरलं, त्याचं जिप्सम व्हायला लागलं आणि जमीन फुगली. दोनशेहून जास्त घरांना तडे गेले. कारण वेगळं, आपल्याकडे चिकणमातीतली खनिजं फुगतात, तिकडे दगडाचं रसायन बदललं. पण वर उठणाऱ्या जमिनीवर इमारत काय सोसते, हे तू पुस्तकाबाहेर पाहिलंयस. मुलाखतीत जर्मन अडखळलं तर कागद माग आणि काळ्या मातीतल्या फुटिंगचा छेद काढून दाखव. समोरचाही इंजिनिअरच असणार. चित्र वाचतोच तो.

आकड्यांचं बाकीचं शिकण्यासारखं आहे आणि अवघड नाही. काँक्रीटच्या डिझाइनची नियमावली म्हणजे आपलं आयएस ४५६, तिकडे युरोकोड २ आणि त्यासोबत जर्मनीचं राष्ट्रीय परिशिष्ट. काँक्रीटला आपण एम २५ म्हणतो तेव्हा घनाची ताकद मोजतो. तिकडच्या सी २५/३० मधला पहिला आकडा सिलिंडरचा, दुसरा घनाचा. म्हणजे ते आपल्या एम ३० च्या जवळ जातं. ही चूक पहिल्याच आठवड्यात होते, तू करू नकोस. ईटॅब्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येत असेल तर तिकडच्या आरफेम आणि ऑलप्लान या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्या उतरवून घे आणि तुझी ती पाच मजली इमारत पुन्हा एकदा, युरोकोडप्रमाणे, उभी कर. नवीन उदाहरण शोधू नकोस. उत्तर माहीत असलेल्या गणितावर नवी पद्धत शिकावी.

पीएफबद्दल बाबांना थोडं थांबायला सांग. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, तुझी नऊ झाली. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि पात्रता मोजताना दोन्ही देशांतला काळ एकत्र धरायची सोय त्यात आहे. तिकडच्या पेन्शनलाही किमान पाच वर्षं लागतात. म्हणजे बेकरीतले महिनेसुद्धा, वर्गणी कापली जात असेल तर, वाया गेलेले नाहीत. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात आहे का ते आज बघ. मिनीजॉब, म्हणजे तिकडची थोड्या पगाराची छोटी नोकरी, असेल आणि सुरुवातीला कुणी ‘वर्गणी नको’ अशा अर्जावर सही घेतली असेल, तर तेही विचारून घे.

आता तुझ्या नवऱ्याशी बोलायचंय. ही ओळ त्यांना वाचून दाखव. ‘तुझी मर्जी’ म्हणणं पुरेसं नाही हो, जावईबापू. तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लासला जायचं तर त्या दिवशी साडेपाचला तुम्ही घरात हवेत. फोनवर मीटिंग चालू ठेवून नव्हे, मुलीसमोर बसून. पहाटेची पाळी तिची, म्हणजे मुलीला उठवणं, डबा, शाळा तुमची. ती इकडची कायमची नोकरी सोडून तुमच्या नोकरीमागे आली. आता वर्ष-दीड वर्ष घराचं वेळापत्रक तिच्या अभ्यासाप्रमाणे फिरू दे. ऑगस्ट २०२६ पासून जर्मनीत पहिलीच्या मुलांना शाळेनंतरच्या देखभालीचा कायदेशीर हक्क मिळतो, त्यासाठी गावच्या कचेरीत नाव घालायचं काम तुमचं. ती फॉर्म भरणार नाही, तुम्ही भरायचा.

बाळ, वर्षाने बी २ होऊनही पन्नास-साठ अर्जांना नकार आला तर? तर मला पुन्हा लिही, तेव्हा आउसबिल्डुंगचा विचार पुन्हा करू, आणि परत येण्याचाही. आज त्याची गरज दिसत नाही.

एक काम मी तुझ्यासाठी केलंय. तू पत्रात खूण लिहिली होतीस म्हणून काल संध्याकाळी रिक्षाने जुळे सोलापूरला जाऊन तुझी इमारत बघून आले. आजूबाजूच्या दोन कंपाउंड भिंतींना तिरक्या भेगा आहेत, दर उन्हाळ्यात उघडतात तशा. तुझ्या इमारतीला प्लिंथच्या वर एकही दिसली नाही. खाली पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती आणि एका खांबावर खडूने तीन स्टंप काढले होते. रस्त्यावरून दोन फोटो काढले, दुसऱ्यात खांबांची रांग नीट आली आहे. तुझ्या मेलवर पाठवलेत. अर्जासोबत दुसरा लाव.